ग्लोव्ह ठेवून जा

बेसबॉल बारामतीत खेळला जातो हे खुद्द बारामतीकरांनाही खरं वाटत नाही. लासुर्ण्याला, आमच्या गावात, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पारावर बसलेले एक आबा म्हणाले, "दांडकं गोल, चेंडू गोल आन् पळायचं बी गोल. मग पोचायचं कुठं?" तेव्हा मी चिडलो होतो. आज वाटतं, आबांनी नेमकं विचारलं होतं.

मी पिचर होतो. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. क्रिकेटच्या बॉलरसारखाच, पण इथं टप्पा नाही आणि धावत यायचं नाही. जागेवरून चेंडू सोडायचा, तो बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या हवेतून जाऊन त्याच्या पाठीमागं उकिडव्या बसलेल्या कॅचरच्या हातात पोचला पाहिजे. पिचर चालला तर बाकीचे आठजण उन्हात उभे राहून गप्पा मारतात. नाही चालला तर आठहीजण दिवसभर पळतात आणि संध्याकाळी पिचरला शिव्या देतात. आमची पोरं बहुतेक गप्पाच मारायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढचं समजायला ते माहीत असावं म्हणून सांगतो.

मला या खेळात आणलं ते तात्यांनी. तात्या आमच्या संघाचे मॅनेजर. बारामतीच्या थोडं बाहेर त्यांचा गाईंचा गोठा, दूध गोळा करायचा धंदा, आणि तरुणपणी कॉलेजात सॉफ्टबॉल खेळल्याची हौस अजून अंगात. बॅटा त्यांच्या, ग्लोव्ह त्यांचे, गाडीही त्यांचीच. सकाळी त्या गाडीत दुधाचे कॅन असायचे आणि दुपारी आम्ही. आंबलेल्या दुधाचा वास आला की आजही मला मॅच आहे असं वाटतं. कोच वगैरे वेगळा माणूस आमच्याकडे नव्हता. कोण खेळणार, कोण बसणार, कोण कुठं उभा राहणार, सगळं तात्यांच्या तोंडून ठरायचं.

नीरेच्या काठाला एका मळ्यात मी कलिंगडं भरायच्या कामाला होतो. मळ्यापासून ट्रकपर्यंत माणसांची रांग लावतात आणि फळ हातोहात पुढं जातं. मला मुळात दम नाही. मधली माणसं गाळून मी कलिंगड लांबच्या गड्याकडं फेकायचो आणि ते बरोबर त्याच्या पोटाशी जायचं. तात्या तिथं गाईंना घालायला फुटकी फळं न्यायला आले होते. बराच वेळ बघत उभे राहिले. मग एक लहानसं, किडकं कलिंगड माझ्या हातात देऊन म्हणाले, "गड्या, त्या खांबाला हान बरं."

मी हाणलं. खांब लाल झाला.

"परत."

"परत कशाला? मला काय मिळंल?"

तात्या हसले. "दूध मिळंल. रोज तांब्याभर."

"आन् अंडी."

"गाईच्या गोठ्यात अंडी कुठनं आणू लेका?"

"ते तुमचं तुमी बघा."

दुसऱ्या दिवसापासून दूधही मिळालं आणि अंडीही. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, आणि तो मी जिंकला अशी माझी समजूत होती.

तात्यांनी मला काय दिलं ते मी नाकारत नाही. माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाल; तिथं त्यांना बैलानं पाडलं, तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस मी होतो आणि येऊन-जाऊन तात्या होते. कुणी विचारलं, हा पोरगा कोण, तर म्हणायचे, "ह्यो माझा थोरला." त्यांना दोन मुलीच. हे वाक्य मी मनात कुठं जपून ठेवलं होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर ते उपटून काढताना कळलं.

माझा कॅचर शेळ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बारामतीच्या बाजारात त्याच्या वडिलांना सगळे चाचा म्हणत. कॅचरनं मांडीआड बोटं दाखवून पिचरला पुढचा चेंडू कुठला ते सांगायचं असतं. आम्हा दोघांना ती भाषा शिकावीच लागली नाही. जनावरांच्या बाजारात जुने लोक आजही टॉवेलाखाली हात घालून, एकमेकांची बोटं दाबून सौदा करतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. तीच बोटं आम्ही मैदानावर आणली. पुण्याच्या संघांनी आमच्या खुणा चोरायचा फार प्रयत्न केला; पण त्यांच्यापैकी कुणाच्या बापानं शेळी विकली नव्हती. कॅचर मला दलाल म्हणायचा. "दलाल, आज वळवून दे, घेनारा अडानी हाय."

वळवून म्हणजे हळू चेंडू. सरळ वेगवान येतोय असं दाखवायचं आणि शेवटी तो दमल्यासारखा खाली पडायचा. बॅटरची बॅट आधीच फिरून जायची. माझं नाव झालं ते त्या चेंडूमुळं.

तात्यांचं आणि माझं बिनसलं ते माझ्या कोपरावरून. तेव्हा जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या संघांचे सामने इंदापूरला होणार होते आणि त्यातून राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडले जाणार होते. राज्याकडून खेळलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेत नंबर लागायची आशा. माझ्याकडं शेत नव्हतं, शिक्षण जेमतेम होतं. सरकारी वर्दीपर्यंत जाणारा हा एकच रस्ता मला दिसत होता आणि तो माझ्या उजव्या हातातून जात होता. तो हात दुखायला लागला होता. तात्या मला प्रत्येक सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाकायला लावायचे. निवडीच्या महिनाभर आधी कुणा पाहुण्यांच्या सत्काराला दाखवायचा सामना ठेवला आणि मी आदल्याच दिवशी पूर्ण सामना टाकलेला.

मी सगळ्या पोरांसमोर म्हणालो, "तात्या, आज मी टाकत न्हाय."

"पाव्हणे तुला बघायला आल्यात."

"मग बसून बघू द्या. मी बी बसतो त्यांच्याशेजारी."

पोरं हसली. तात्या हसले नाहीत. "तू मला अटी घालतोस व्हय?"

"अटी न्हाय. एक दिवस आड टाकीन. कोपर गेलं तर भरतीला तुमी उभं ऱ्हाणार हाय का?"

"लई बोलायला लागलास."

इथं मी थांबायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला पटत नाही. मी म्हणालो, "मी टाकतो म्हणून तुमचा फोटो पेपरात येतो, तात्या. दुधाला कुणी हार घालत न्हाय."

तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, तोंड पुसलं आणि दुसऱ्या पिचरला हाक मारली. तो पोरगा घुमा होता. टाक म्हटलं की टाकायचा, बस म्हटलं की बसायचा. सामना झाला. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याशी पहिल्यासारखेच बोलले. अंडीही आली. मला वाटलं, विषय मिटला. बाजारात एवढी वर्षं काढूनही मला कळलं नाही, की राग आलेलं गिऱ्हाईक बरं, राग न दाखवणारं वाईट.

निवडीचे सामने जवळ आले असताना मी काही कामानं सुप्याच्या बाजाराला गेलो होतो. चहाच्या टपरीमागं बाजेवर तात्या बसलेले दिसले. समोर इंदापूरच्या संघाचे मॅनेजर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. तेही गाईवालेच. दोघांच्या हातांवर टॉवेल, आणि टॉवेलाखाली बोटं चाललेली. असा सौदा दिसला की मला राहवत नाही. मी जाऊन बाजेच्या कोपऱ्यावर बसलो.

"काय तात्या, काय देताय?"

तात्यांनी टॉवेल सारखा केला. "कालवड देतोय अण्णांना."

"कपाळावर चांद हाय ती?"

"हां. तीच."

"रोख का अदलाबदल?"

"अदलाबदल," अण्णा म्हणाले आणि चहाकडं बघायला लागले.

मी लगेच कामाला लागलो. "अण्णा, तात्यांच्या गोठ्यातलं जनावर म्हंजे डोळं झाकून घ्यायचं. खायाला कमी, कामाला पुढं. असं पुन्हा मिळायचं न्हाय." अण्णांना ठसका लागला. मग मी तात्यांच्या कानाशी वाकलो. अण्णांच्या चेहऱ्यावर गरज स्पष्ट दिसत होती. गरजू माणूस चहाचा कप नुसता फिरवत बसतो, पीत नाही. "तात्या," मी म्हणालो, "एकाला दोन मागा. ह्यो देतोय."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग टॉवेलाखाली त्यांचा हात हलला. अण्णांनी मान डोलावली. सौदा पटला म्हणून मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी सगळ्यांसाठी भजी सांगितली.

पुढं सरावाला गेलो तेव्हा चांदाची कालवड गोठ्यात जागच्या जागी रवंथ करत होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. अण्णांनी अजून नेली नसेल, असं वाटलं.

सामन्यांच्या आदल्या दुपारी तात्यांनी मला एकट्याला गोठ्यावर बोलावलं. गाडी धुऊन उभी होती, बॅटांचं पोतं आत टाकलेलं. तात्या गव्हाणीपाशी उभे होते.

"तू उद्या अण्णांकडनं खेळ," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा आहे. "का? त्यास्नी गडी कमी पडले व्हय?"

"कागदावर तू लासुर्ण्याचा. तालुका इंदापूर. औंदा कडक तपासणार हायत म्हणं."

"आजवर कुणी तपासलं न्हाय ते?"

"आजवर मी सांभाळून घेतलं."

त्यांनी हात पुढं केला. "ग्लोव्ह ठेवून जा."

माझ्या हातात ग्लोव्ह होता. त्याचं चामडं माझ्या पंजाच्या आकाराचं झालं होतं; मी त्याला खोबरेल तेल लावायचो, आईच्या डोक्यापेक्षा जास्त. मी नकळत तो दिला. तात्यांनी तो भिंतीवरच्या खुंटीला अडकवला.

त्या भिंतीवर दावी टांगलेली होती. आमच्याकडं जनावर विकलं की विकणारा त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतो. गाय जाते, बैल जातो, दावं घरी राहतं. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. त्या गोठ्यातून आजवर गेलेल्या प्रत्येक जनावराचं दावं त्या भिंतीवर होतं. आता त्यांच्या रांगेत माझा ग्लोव्ह होता. मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"तात्या, अण्णांकडनं काय घेतलंत?"

ते खुंटीवरचा ग्लोव्ह सरळ करायला लागले.

"त्यांच्यातलं ते डावखुरं पोरगं? आन् लांब मारनारं ते, निमगावचं?"

"दोघं बी बारामतीत शिकायला हायत. कागद चोख हायत."

"म्हंजे दोन गडी."

"तूच म्हणालास की," तात्या शांतपणे म्हणाले, "एकाला दोन मागा."

मी म्हणालो, "मी काय कालवड हाय?"

"कालवडीला कोण इचारतं? तुला सांगतोय तरी."

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दुधाची बादली लाथाडली, गाई दावणीला ओढ घेऊन हंबरायला लागल्या. तात्यांनी आधी गाईंना चुचकारलं. मला नाही.

न जाणं माझ्या हातात होतं. पण मग निवड नाही, निवड नाही तर भरती नाही. मी इंदापूरला गेलो. अण्णांनी मला नवा ग्लोव्ह दिला, पत्र्यासारखा ताठ. म्हणाले, "मनाला लावून घिऊ नको. तात्यानं तुझं लई कौतुक केलं." मी म्हणालो, "विकनारा कौतुकच करतो अण्णा. खोड सांगितली का काय?" अण्णा हसले. मी सहज बोललो होतो.

पहिले सामने मी जिंकून दिले. कोपरात कळ यायची, पण रागाचं एक बरं असतं, त्यात दुखणं कमी कळतं. शेवटचा सामना बारामतीशी पडला. निवड करणारे मांडवात बसलेले. पलीकडं तात्या टॉवेल खांद्यावर टाकून उभे, आणि ज्या पोरांनी वर्षानुवर्षं माझ्या जिवावर मैदानात गप्पा मारल्या ती समोर बॅट घेऊन.

सरळ चेंडूंवर ती चुकत होती. मला वाटलं, झालं. मग मी हळू चेंडू टाकला आणि तो मैदानाबाहेर गेला. योगायोग म्हटलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. बोटांची पकड ग्लोव्हमध्ये झाकली, हात उंच घेतला, पायाची जागा बदलली. काही उपयोग होईना. चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आधीच त्यांना कळत होतं. घुम्या पिचरसुद्धा, ज्याला बॅट उलटी धरली तरी समजत नसे, तोही हळू चेंडूची वाट बघत उभा राहत होता आणि आला की हाणत होता. मग मी हळू टाकणंच सोडलं. नुसते सरळ टाकून हात भरून आला आणि सरळ चेंडूही हळू जायला लागले.

शेवटी माझा कॅचर बॅट घेऊन आला. मी त्याच्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. दोन बेसवर, म्हणजे पळताना थांबायच्या टप्प्यांवर, त्यांची पोरं पळायला तयार. माझ्यापाशी हळू चेंडूशिवाय काही उरलं नव्हतं. त्यानं तो मैदानाशेजारच्या उसात घातला. चेंडू सापडला नाही.

निवड झाली ती घुम्याची, डावखुऱ्याची आणि माझ्या कॅचरची.

काही दिवसांनी कॅचर मला बारामतीच्या एसटी स्टँडसमोर भेटला. मी तोंड फिरवून चाललो होतो. त्यानं हाताला धरून चहाच्या दुकानात बसवलं.

"दलाल, तुला खोड हाय."

"कसली?"

"हळू टाकायच्या आधी तू खालचा व्हट चावतोस. दर टायमाला."

"तुला कुणी सांगितलं?"

"तात्यांनी. इंदापूरला जाताना गाडीत सगळ्यांस्नी सांगितलं. म्हनाले, पयल्या वर्षापास्नं बघतोय."

"आन् तू माझ्यासमोर बसून कदी बघितलं न्हाय?"

"मी तुझ्या हाताकडं बघायचो. तोंड बघायला तू काय एवढा देखना न्हाय."

मला हसू आलं नाही. "मग तू का मारलास?"

"मला बी भरतीला जायाचं हुतं," तो म्हणाला. "पर मारून गप बसलो असतो, तर तुला खोड कदी कळली असती?"

त्याच्यावरचा माझा राग तिथंच त्या कपात संपला. आज तो पोलिसात आहे, आमचं येणं-जाणं आहे. त्यानं मारलं ते समोर उभं राहून, आणि सांगितलं तेही समोर बसून.

तात्यांचं तसं नाही. बाजारात एक नियम आहे, तो कुठं लिहिलेला नाही. जनावर लाथ मारत असेल, शिंग उगारत असेल, पान्हा चोरत असेल, तर सौदा ठरल्यावर विकणारा घेणाऱ्याला बाजूला घेऊन ती खोड सांगतो. भाव कितीही ताणा, खोटं हसा, टॉवेलाखाली काय वाट्टेल ते करा. खोड लपवली की तो माणूस बाजारातून उठला. तात्यांनी माझी खोड अण्णांना सांगितली नाही. मला तर पहिल्या वर्षापासून सांगितली नाही. जो माणूस मला आपला थोरला म्हणत होता, तो इतकी वर्षं माझ्या ओठाकडं बघत गप्प होता. एका वाक्याचं काम होतं. जेवताना सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मला विकलं याचा राग एखाद्या वेळी गेलाही असता. मी स्वतः विकण्या-घेण्यातला माणूस. पण हे मला गिळता आलं नाही, अजून येत नाही.

पुढं कोपर गेलं ते गेलंच. मी बाजारात उभा राहिलो, आधी जनावरांचा दलाल म्हणून, मग जुन्या ट्रॅक्टरांचा. आज बारामती–इंदापूर रस्त्याला माझं यार्ड आहे. जमीन माझी, पत्रा माझा, कुणाचं देणं नाही. दोन सवयी त्या सामन्यापासूनच्या. सौदा करताना मी तोंडात सुपारी धरतो, म्हणजे ओठ हलत नाही. आणि ट्रॅक्टर गिऱ्हाईकाच्या दारात उतरवला की पैसे घ्यायच्या आधी त्याची खोड सांगतो. नाही पटली तर परत गाडीत चढवतो. माझं तोंड कडू आहे, मी गिऱ्हाईकाच्या अंगावर धावून जातो, तरी लोक माझ्याकडंच येतात ते या दुसऱ्या सवयीमुळं.

गेल्या उन्हाळ्यात तात्या यार्डात आले. वाकले होते, पण टॉवेल खांद्यावर तसाच. जसं काही काल भेटलो होतो, तसं ट्रॅक्टरांमधून फिरले. एक निळा ट्रॅक्टर चालू करायला लावला, कानानं ऐकला, मागून बघितला. मग माझ्यासमोर खुर्चीत बसले. मी ठरवलं होतं, ह्या माणसाला एक रुपया सोडायचा नाही. सुपारी तोंडात होतीच.

"आदी सुपारी थुक," तात्या म्हणाले, "मग बोलू."

आणि मी थुंकली. का थुंकली ते मला सांगता येत नाही. ते 'बस' म्हणाले की बसायचो, 'टाक' म्हणाले की टाकायचो, तसंच झालं असावं. मग ते सबंध वेळ ट्रॅक्टरकडं न बघता माझ्या तोंडाकडं बघत राहिले आणि जो भाव मी कुणाला दिला नसता त्या भावाला ट्रॅक्टर घेऊन गेले.

पोचवायला मी स्वतः गेलो. गोठा आता मोठा झालाय, वर नवा पत्रा, गाईंना पंखे. ट्रॅक्टर उतरवला आणि रीतीप्रमाणे मी म्हणालो, "तात्या, खोड सांगतो. तिसरा गिअर चढावर निसटतो. आन् हायड्रॉलिक गरम झालं की नांगर आपोआप खाली बसतो. पटत नसंल तर माघारी नेतो."

"नांगराचं ठाऊक हाय," तात्या म्हणाले. "तुझ्या यार्डातच बघितलं."

"मग बोलला न्हाय ते? त्यावर अजून भाव पाडला असता."

"तू सांगतोस का न्हाय ते बघत हुतो."

म्हणजे आजही तेच. बघायचं आणि गप्प राहायचं. मी भिंतीकडं पाहिलं. दावी वाढली होती. त्यांच्यामध्ये माझा ग्लोव्ह, चामडं तडकलेलं, एक बोट उंदरानं खाल्लेलं.

"तात्या, माझी खोड मला का न्हाय सांगितली?"

ते गव्हाणीतला चारा सारखा करायला लागले.

"सांगनार हुतो," ते म्हणाले. "निवडीच्या आदी, तुला एकट्याला बसवून सांगायचं ठरीवलं हुतं. मग तू पोरांसमोर तसं बोललास."

"तेवढ्यासाठी?"

"तेवढं म्हंजे? दुधाला हार घालत न्हाईत म्हणालास. सगळी पोरं हसली."

एवढंच होतं ते. मी इतकी वर्षं काय काय कल्पना केल्या होत्या, अण्णांनी त्यांना गळ घातली असेल, कुणी दबाव आणला असेल. त्यातलं काही नव्हतं. माझी वर्दी एका वाक्याच्या रागात गेली होती, आणि तो राग त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर अजून ताजा होता. माझ्याइतकाच.

"ग्लोव्ह द्या माझा," मी म्हणालो.

"दावं देत न्हाईत," तात्या म्हणाले. चिडून नव्हे, लहान पोराला सांगावं तसं. "तू गेल्यापास्नं गोठ्याला कदी कमी पडलं न्हाय."

यावर भांडायला माझ्याकडं खूप होतं. पण माझा खालचा ओठ दाताखाली आलेला मला जाणवला, आणि तात्यांनीही तो पाहिला. मी ओठ सोडला.

ट्रॅक्टरची किल्ली माझ्या हातात होती. यार्डातल्या प्रत्येक किल्लीला मी लाल दोरी बांधतो, हरवू नये म्हणून; विकताना ती दोरीसकट जाते. मी गाठ सोडवायला लागलो. गाठ घट्ट होती, वेळ लागला. तात्या माझ्या बोटांकडं बघत होते. दोरी निघाली. किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि दोरी खिशात घातली.

तात्यांची नजर माझ्या खिशावर थांबली. "ती दोरी किल्लीला ऱ्हाऊ दे की रं," ते म्हणाले.

मी गाडीत जाऊन बसलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, हाक.